ईएल८४ सिंगल एंडेड: आउटपुट ट्रान्सफॉर्मर पत्र्यावर कुठे आणि कसे बसवायचे?

तारयंत्र

नमस्कार मंडळी,

घरी व्हॉल्व्ह अँप्लिफायर (काचेच्या नळ्यांचा, ट्रान्झिस्टरचा नव्हे) करतोय. स्टिरिओ, प्रत्येक बाजूला आउटपुटला एकच व्हॉल्व्ह, ईएल८४ (म्हणजेच सिंगल एंडेड), पुढे सिग्नल वाढवायला एकच ईसीसी८३ दोन्ही बाजूंत वाटून. एसीचा डीसी करायला रेक्टिफायर ईझेड८१, मग तो डीसी सपाट करायला चोक. कागदावर सगळं जमलंय आणि लोखंडही घरात येऊन पडलंय: मेन्स ट्रान्सफॉर्मर २५०-०-२५०, चोक आणि दोन आउटपुट ट्रान्सफॉर्मर (यापुढे ओपीटी), ५.२ के (किलो-ओम) ला ८ ओम, वाइंडरकडून करून घेतलेले.

अडलंय ते पत्र्यापाशी. ४०० बाय २५० मिमीचा २ मिमी अ‍ॅल्युमिनियम पत्रा आहे. फॅब्रिकेटर रोज विचारतो, "साहेब, ड्रॉइंग?" माझ्याकडे दोन ड्रॉइंग आहेत. पहिल्यात चारही लोखंडं मागे एका ओळीत, पुढे व्हॉल्व्ह. दिसायला झकास. दुसऱ्यात मेन्स डाव्या टोकाला, दोन्ही ओपीटी उजव्या टोकाला आणि मध्ये व्हॉल्व्ह. शिवाय एका मित्राचं म्हणणं की ओपीटी पत्र्याच्या खाली लपव.

प्रश्न: कुठलं घेऊ? ओपीटीखाली रबर घालायचं का? बोल्ट लोखंडी चालतील की पितळीच हवेत? ज्यांनी स्वतः बसवलेत त्यांनी सांगावं. भोकं एकदा पडली की पडली.

आरडीएम

भोकं पाडायच्या आधी धागा काढणारा माणूस प्रथमच बघतोय. बाकीचे भोकं पाडून झाल्यावर "हमिंग का येतंय" म्हणून काढतात. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

बेसूर_गिटार

पहिलं ड्रॉइंग फाडून टाका. चारही ट्रान्सफॉर्मर ओळीत, सगळ्यांची तोंडं एका दिशेला, म्हणजे मेन्सचं चुंबकीय क्षेत्र थेट ओपीटीत. स्पीकरमध्ये ५० हर्ट्झ फुकट. ओपीटी मेन्सला काटकोनात फिरवा, विषय संपला.

श्री_त्रासदायक

क्लास डी चा बोर्ड चहा-वड्याच्या पैशात मिळतो. तळहातावर मावतो, ट्रान्सफॉर्मर नाही, हमिंग नाही. सहज आपलं सांगितलं. हलके घ्या.

बेसूर_गिटार

@त्रासदायक, बैलगाडा शर्यतीत जाऊन "स्कूटर घ्या ना" असं सांगणारे तुम्हीच का?

सुवर्णरेखा

काटकोन हा अर्धाच नियम आहे, आणि तो अर्धाच सांगितला जातो म्हणून लोक फसतात. जरा सविस्तर लिहिते.

आधी अक्ष ओळखा. कॉइलचा अक्ष म्हणजे स्टँपिंगच्या (गाभा ज्यांचा बनतो त्या ई आणि आय आकाराच्या लोखंडी पत्र्यांच्या) मधल्या जिभेची दिशा. फ्रेमचे पाय कुठे आहेत किंवा वायरी कुठून निघतात यावरून ओळखायला जाऊ नका, वेगवेगळ्या फ्रेममध्ये ते वेगवेगळं असतं.

मेन्स ट्रान्सफॉर्मरच्या बाहेर जे क्षेत्र सांडतं ते साधारणपणे पट्टीचुंबकाच्या क्षेत्रासारखं पसरतं. शाळेत कागदावर लोहकीस टाकून पाहिलेल्या त्या वक्र रेषा आठवा. चुंबकाच्या बरोबर टोकासमोर आणि बरोबर कुशीला या रेषा अक्षाला समांतर असतात. या जागांवर ओपीटी काटकोनात ठेवला की त्याच्या गाभ्यातून रेषा लांबीने जात नाहीत, काही शिरत नाही. पण तिरकस कोपऱ्यात रेषाच तिरक्या असतात. तिथे काटकोन केला तरी क्षेत्राचा एक घटक ओपीटीच्या अक्षावर पडतोच. मग शांत जागा ३० अंशांवर मिळेल किंवा ५५ वर. तारयंत्र यांच्या दुसऱ्या ड्रॉइंगमध्ये एक ओपीटी मेन्सच्या समोर आणि दुसरा तिरकस येतोय असं वाटतं. दोन्हींना एकच कोन दिला तर एक बाजू शांत आणि दुसरी गुणगुणणार.

यावर एक पळवाट आहे. मेन्सचा अक्ष आडवा ठेवा आणि ओपीटीचा उभा, दोघांचे मध्य एकाच उंचीवर. मग ओपीटी पत्र्यावर कुठेही सरकवा, सममितीमुळे शिरकाव शून्य. प्रत्यक्षात अगदी शून्य होत नाही, पण जवळ जातो.

अंतराचंही सांगते. अशा क्षेत्राची तीव्रता अंतराच्या घनाने कमी होते. अंतर दुप्पट केलं की आठवा हिस्सा, म्हणजे १८ डेसिबल कमी. अगदी जवळ हा हिशेब बिघडतो, पण ४०० मिमीच्या पत्र्यावर अंदाज यायला पुरेसा आहे.

आरडीएम

वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्या सोसायटीच्या सभेतही लोकांना तिसऱ्या अक्षावर बसवता आलं असतं तर!

वाइंडर_नाना

लेकरांनो, मी सांगलीकडं लाउडस्पीकरवाल्यांच्या मशिनी दुरुस्त केल्यात, व्हॉल्व्हच्या जमान्यापासून. गणपती, जत्रा, लग्न. त्या मशिनींत सगळं लोखंडी पत्र्यावर. मेन्स आणि आउटपुट शेजारी-शेजारी, बोल्ट लोखंडी, रबर नाही नि काही नाही. कुणीही हमिंगची तक्रार घेऊन आलं नाही. उगाच घाबरवू नका पोराला.

पोरा, तू आधी मला सांग, स्टँपिंग किती नंबरचं आहे आणि गॅप ठेवलीय का? सिंगल व्हॉल्व्हच्या आउटपुटला ई एकीकडं, आय एकीकडं आणि मध्ये कागद पाहिजे. नव्या वाइंडरला सवय असते मेन्स ट्रान्सफॉर्मरची, तो आलटून-पालटून भरतो. मग तू कुठंही बसव, बास मिळणार नाही.

गॉटिंगेनचा_गोट्या

नाना, तुमच्या अनुभवाला नमस्कार, पण त्या मशिनींना लावलेले असायचे कर्णे. कर्ण्यातून २०० हर्ट्झच्या खाली काही धड बाहेरच पडत नाही. ५० चा हम मशिनीत असणारच, कर्ण्याला तो वाजवता येत नव्हता! आणि समोर शंभर माणसं नाचत होती. घरात रात्री ११ वाजता १० इंची वूफरसमोर बसलेल्याची गोष्ट वेगळी.

वाइंडर_नाना

हे मात्र खरं बोललास. कर्ण्यात बास कुठला? मान्य.

गॉटिंगेनचा_गोट्या

आता लोखंडी पत्र्याबद्दल. लोखंड चुंबकीय क्षेत्र वाहून नेतं. मेन्सच्या स्टँपिंगची कड लोखंडी पत्र्याला थेट टेकली असेल आणि ओपीटीचीही टेकली असेल, तर तुम्ही दोघांमध्ये पूल बांधला. अ‍ॅल्युमिनियम हे करत नाही, त्यामुळे तारयंत्र यांनी निम्मी लढाई आधीच जिंकलीय. लोखंडी पत्राच असेल तर ट्रान्सफॉर्मर ५-६ मिमी उचलून बसवावा: खाली हायलमचे (बॅकेलाइटसारख्या इन्सुलेटिंग शीटचे) तुकडे आणि बोल्ट पितळेचे किंवा ३०४ स्टीलचे, ते चुंबकाला फारसं चिकटत नाही.

रबराबद्दल: रबर यांत्रिक थरथर थांबवतं. मेन्सची घूंऽऽ पत्र्यात आणि पत्र्यातून ईसीसी८३ पर्यंत जाऊ नये म्हणून मेन्सखाली रबराचे ग्रोमेट घाला, फायदा होतो. चुंबकीय हमला रबराशी काही देणंघेणं नाही.

खाली लपवण्याबद्दल: लपवू नका. खाली हीटरच्या (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेच्या) वायरी, कपॅसिटर, इनपुटच्या तारा. ओपीटीची व्हॉल्व्हच्या प्लेटकडे (धन टोकाकडे) जाणारी वायर मोठा सिग्नल घेऊन फिरते, ती इनपुटजवळून गेली की अँप्लिफायर शिट्टी मारायला लागतो. शिवाय एका ईएल८४ च्या प्लेटमध्येच १२ वॅटपर्यंत उष्णता, हीटर वेगळा. बंद पेटीत ट्रान्सफॉर्मरही शिजतो.

मुक्ता_के

फार माहितीपूर्ण धागा. एक बाळबोध शंका. हे सगळं अक्ष आणि कोन पाठ करण्यापेक्षा बसवण्याआधी कळायची काही सोय नाही का? भोकं पाडून मग ऐकायचं, हे कसं परवडेल?

बेसूर_गिटार

आहे की! हेडफोनची युक्ती. कुणी सांगितलीच नाही का अजून? आम्ही सगळे भूमितीच्या तासाला बसलो.

बिनभोकाचा पत्रा टेबलावर ठेवा. मेन्स ट्रान्सफॉर्मर त्याच्या ठरलेल्या जागी. प्रायमरीला मेन्स द्यायची, २५०-०-२५० ची टोकं एकेक वेगळी टेप लावून बंद, कशालाही न जोडता. ओपीटी पूर्ण मोकळा, त्याच्या ८ ओमच्या टोकांना हेडफोन. आता ओपीटी पत्र्यावर सरकवा, फिरवा, उभा करा, आडवा करा. गुणगुण कमी-जास्त होताना स्पष्ट ऐकू येते. एका ठिकाणी ती जवळजवळ नाहीशी होते. तिथे पेन्सिलने खूण करा. ड्रॉइंग तयार.

मुक्ता_के

आणि शॉक? हेडफोन कानाला आणि टेबलावर २३० व्होल्ट, ऐकूनच घाम फुटला.

सुवर्णरेखा

मुक्ता, शंका अजिबात बाळबोध नाही. या प्रयोगात ओपीटीचा मेन्सशी तारेने काहीच संबंध नसतो, त्यामुळे हेडफोनमधून धोका नाही. धोका आहे तो मेन्स ट्रान्सफॉर्मरच्या उघड्या टोकांचा. २५०-०-२५० च्या दोन टोकांत ५०० व्होल्ट असतात. म्हणून टोकं नुसती टेपने नव्हे, कनेक्टर ब्लॉकमध्ये कसून बंद करायची. मेन्सला फ्यूज, गाभ्याला अर्थ (अर्थिंगची वायर), आणि हलवायचा तो फक्त ओपीटी. मेन्स हलवायचा असेल तर आधी पिन काढायची. पहिल्यांदा चालू करताना सिरीजमध्ये १०० वॅटचा साधा बल्ब लावला तर उत्तम, वाइंडिंगमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटून सांगतो.

बेसूर यांच्या कृतीत एक पुरवणी. हेडफोनऐवजी मीटर लावायचा असेल तर ८ ओमच्या बाजूला लावू नका, प्रायमरीला लावा. ५२०० भागिले ८ म्हणजे ६५०, त्याचं वर्गमूळ सुमारे २५.५. म्हणजे प्रायमरीवर तोच हम २५ पट मोठा दिसतो. बाजारातल्या पिवळ्या स्वस्त मीटरची एसीची खालची रेंजच २०० व्होल्टची असते, त्यात काही दिसणार नाही. २ व्होल्टची रेंज असलेला मीटर मागून आणा.

गॉटिंगेनचा_गोट्या

हेडफोनच्या युक्तीवर थोडं थंड पाणी ओततो. रिकाम्या मेन्स ट्रान्सफॉर्मरचा हम आणि भार दिलेल्याचा हम एकसारखा नसतो. रेक्टिफायर लागला की करंट टोकदार झटक्यांत वाहतो आणि सांडणारं क्षेत्रही खरखरीत होतं. शांत जागाही थोडी सरकते. निदान हीटरचा भार म्हणून ६.३ व्होल्टवर एखादा जाडजूड रेझिस्टर लावून बघा. आणि चोक विसरू नका! रेक्टिफायरनंतरच्या चोकचं क्षेत्र १०० हर्ट्झचं असतं आणि चोकलाही गॅप असते, त्यामुळे तो भरपूर सांडतो. या प्रयोगात चोक बंद असल्यामुळे तो गुपचूप बसतो आणि नंतर दगा देतो.

बेसूर_गिटार

मान्य, पण परीक्षेत ३५ मार्क मिळवायला एवढं पुरे. चोक पत्र्याखाली, मेन्सच्या बाजूला, ओपीटीच्या अक्षाला काटकोनात. झालं.

तारयंत्र

मंडळी, भरभरून उत्तरं दिलीत. नाना, स्टँपिंग १५ नंबर, जीभ १ इंच, स्टॅक (पत्र्यांच्या थराची जाडी) दीड इंच. गॅप आहे, वाइंडरने समोर कागद घालून दाखवला. ई एकीकडे, आय एकीकडे.

एक लक्षात आलं नाही. गोट्या म्हणतात हायलम आणि पितळी बोल्ट, म्हणजे ट्रान्सफॉर्मर पत्र्यापासून वेगळा. पण मग गाभा अर्थ कसा होणार? की गरज नाही?

गॉटिंगेनचा_गोट्या

अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर हायलम लागणारच नाही तुम्हाला. थेट टेकवा.

वाइंडर_नाना

थांब रे गोट्या, पोराचा प्रश्न मोलाचा आहे. तो असा सोडून देऊ नको.

गाभ्याला अर्थ पाहिजेच. ओपीटीच्या प्रायमरीवर २५०-३०० व्होल्ट डीसी असतो आणि त्याच्यावर सिग्नल नाचतो. बॉबिनचा कोपरा चिरला, कागद जळाला, की तो व्होल्टेज गाभ्यावर येतो. गाभा अर्थ असला तर फ्यूज उडतो. नसला तर पुढचा हात लावणारा उडतो. पत्र्यावर टेकवला म्हणून अर्थ झाला असं समजू नको. स्टँपिंगवर व्हार्निश असतं, फ्रेमवर रंग असतो, अ‍ॅल्युमिनियमला अ‍ॅनोडाइझ केलं असेल तर तेही करंट जाऊ देत नाही. एका पायाखालचा रंग खरवडायचा, टॅग घालायचा, वर दातेरी वॉशर, आणि तिथून पत्र्याच्या अर्थला वायर. मग मीटरनं गाभा ते मेन्सची अर्थ पिन तपासायचं. अर्धा ओमसुद्धा दिसायला नको. हे रबर घातलेल्या मेन्सलाही लागू.

गॉटिंगेनचा_गोट्या

नानांना १००% अनुमोदन. हायलम सांगताना अर्थच्या वायरचं मी सांगायला हवं होतं.

परिघावरचा

माझा टोरॉइड (कड्यासारख्या गोल गाभ्याच्या) ओपीटीचा पुशपुल आहे, म्हणजे आउटपुटला जोडीने चालणारे व्हॉल्व्ह, ईएल३४ वर. वरची चर्चा मला कितपत लागू? टोरॉइड सांडतच नाही म्हणतात.

सुवर्णरेखा

सांडतो, कमी सांडतो. जिथून वायरी बाहेर येतात तिथे जरा जास्त. आणि बाहेरचं क्षेत्र झेलण्यातही तो ई-आय पेक्षा सभ्य असतो. तुमची काळजी दोन ठिकाणी. एक, पुशपुलच्या टोरॉइडला बहुधा गॅप नसते, त्यामुळे दोन्ही व्हॉल्व्हचे करंट बरोबरीत ठेवा, थोड्या डीसीनेही गाभा एका बाजूला झुकतो. दोन, मधला बोल्ट. तो खालून पत्र्याला आणि वरून झाकणाला किंवा पट्टीला असा दोन्हीकडे धातूने जोडला गेला, तर गाभ्याभोवती एक पूर्ण शॉर्ट झालेला वेढा तयार होतो. ओपीटीमध्ये आवाज मरतो. मेन्सच्या टोरॉइडमध्ये हेच केलं तर बोल्ट तापतो आणि फ्यूज जातो. बोल्टचं वरचं टोक मोकळं, झाकणाला टेकणार नाही असं.

परिघावरचा

धन्यवाद. झाकण आणि बोल्टमध्ये ३ मिमी आहे. आत्ता मोजून आलो.

वाइंडर_नाना

ई-आय च्या बोल्टलाही हेच. आरपार जाणाऱ्या चार बोल्टांना स्लीव्ह आणि फायबर वॉशर असतात, ते काढून फेकू नका. लोकं रंग देताना बोल्ट काढतात, परत लावताना वॉशर टेबलावर राहतात. आणि गॅपवाल्या ओपीटीचे बोल्ट बसवताना एकदम आवळू नका, चारही थोडे-थोडे, आळीपाळीनं. एका बाजूनं आवळलं की कागद एका बाजूला दबतो आणि गॅप वाकडी होते. सैल ठेवलं तर पत्र्या वाजतात, ट्रान्सफॉर्मर स्वतः गाणं म्हणायला लागतो.

आरडीएम

खरंच गातो? की नानांची फिरकी?

बेसूर_गिटार

खरंच. स्पीकर काढून ८ ओमचा १० वॅटचा रेझिस्टर लावा आणि गाणं लावा. ट्रान्सफॉर्मरमधून बारीक आवाजात ओळखू येईल इतपत गाणं येतं. रेझिस्टर लावायचा मात्र विसरू नका. आउटपुट मोकळा ठेवून जोरात सिग्नल दिला तर प्रायमरीवर व्होल्टेज हजाराच्या वर उसळू शकतो, इन्सुलेशन फुटतं.

श्री_त्रासदायक

म्हणजे स्पीकरही लागत नाही. आता मात्र मी व्हॉल्व्ह घेणार.

कोल्हापुरी_पत्रा

आमचा उद्यमनगरात पत्राकामाचा धंदा. अँप्लिफायरमधलं मला काही कळत नाही, पण पत्र्यातलं सांगतो.

भाऊ, गोल भोकं पाडूच नका. ओपीटीच्या पायांसाठी लांबट खाचा पाडा, १५-२० मिमीच्या. किंवा त्याहून बेस्ट: मुख्य पत्र्यात प्रत्येक ओपीटीसाठी वायरीचं एक मोठं भोक ग्रोमेटसकट आणि ओपीटी वेगळ्या छोट्या प्लेटवर. त्या प्लेटला मध्यभोवती कमानीसारख्या दोन खाचा. सैल केलं की २०-३० अंश फिरतंय, आवळलं की गप्प. लेझर कटिंगला कमानीची खाच आणि गोल भोक, मेहनत तेवढीच.

दुसरं, २ मिमीचा ४०० लांब पत्रा मेन्सच्या वजनानं मध्ये झोकतोय. कडा खाली ५०-६० मिमी दुमडून घ्या आणि मेन्सच्या खालून एक अँगल टाका. सगळं वजन एका टोकाला ठेवलं तर उचलताना पेटी हातातून वळतीय. हे ट्रान्सपोर्टवाल्याला पण सांगावं लागतंय.

बेसूर_गिटार

कमानीची खाच! भारी. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मुक्ता_के

@कोल्हापुरी, "मला काही कळत नाही" म्हणून धाग्यातलं सगळ्यात कामाचं उत्तर दिलंत.

नाशिकची_नळी

उशिरा आले, पण एक मुद्दा कुणाच्याच लिहिण्यात नाही. घरात येणारा मेन्सचा व्होल्टेज. बऱ्याच वाइंडरांची सवय २२० व्होल्टला वाइंड करायची. आमच्याकडे रात्री भार कमी झाला की २४५-२५० येतो. गाभा संपृक्त (चुंबकत्वाने तुडुंब) व्हायला लागतो आणि बाहेर सांडणारं क्षेत्र एकदम वाढतं, ते पण १५० हर्ट्झ वगैरे मिसळून, जे कानाला ५० पेक्षा जास्त टोचतं. म्हणजे संध्याकाळी ६ वाजता शांत असलेला अँप्लिफायर मध्यरात्री गुणगुणतो आणि माणूस व्हॉल्व्ह बदलत बसतो. प्रायमरी २४० ला, आणि स्टॅक थोडा जास्त घेऊन वेढे सढळ हाताने घालून घ्यावेत. तयार असलेल्या ट्रान्सफॉर्मरवर बाहेरून तांब्याच्या पट्टीचा पूर्ण वेढा, म्हणजे कॉइल आणि गाभा दोन्हींच्या बाहेरून, टोकं एकमेकांना डाग देऊन. सांडलेलं क्षेत्र बरंच आटोक्यात येतं. पट्टी खिडकीतून आत घालायची नाही, तो शॉर्ट झालेला वेढा होईल.

गॉटिंगेनचा_गोट्या

उत्तम मुद्दा. म्हणजे हेडफोनचा प्रयोग रात्री करायचा तर.

नाशिकची_नळी

रात्रीच करायचा. घरात शांतताही असते.

तारयंत्र

अपडेट. काल रात्री साडेअकराला स्वयंपाकघरातल्या ओट्यावर प्रयोग मांडला (घरचे झोपल्यावर, हे ओघाने आलंच). घरात येणारा व्होल्टेज २४३. मेन्सवर ६.३ चा भार म्हणून रेझिस्टर, सुवर्णरेखाताईंच्या सांगण्याप्रमाणे मीटर प्रायमरीवर आणि मग हेडफोन.

पहिलं ड्रॉइंग, ओळीत शेजारी, अक्ष समांतर: ९० मिलिव्होल्टच्या आसपास. हेडफोन कानाला लावायचीही गरज नाही. दुसरं ड्रॉइंग, टोकाला, अक्ष समांतर: १० च्या खाली. तिथेच काटकोनात: जो ओपीटी मेन्सच्या समोर येतो तो २, तिरकस असलेला ५. म्हणजे काटकोन अर्धाच नियम. तिरकस ओपीटी फिरवत गेलो तर एका कोनात तोही दीडवर आला, पण तो असा वेडावाकडा बसलेला बघवत नाही. मग अक्ष उभा करून पाहिला. दोन्ही जागी १ च्या आसपास, फिरवलं तरी फरक नाही.

अडचण अशी की माझ्या फ्रेममध्ये ओपीटी पायांवर उभा केला की अक्ष आडवा येतो. अक्ष उभा करायचा तर फ्रेम काढून एल पट्ट्या लावाव्या लागतील.

वाइंडर_नाना

मग लाव की. पट्ट्या अ‍ॅल्युमिनियमच्या ३ मिमी घे. फ्रेम काढलीस तर आवळण काय ठेवणार ते आधी बघ. फ्रेमच पत्र्या दाबून धरत असेल तर ती काढल्यावर गॅपचा कागद मोकळा होतो. आरपार चार बोल्ट असतील तर त्याच बोल्टांत पट्ट्या धर, लांब बोल्ट घेऊन.

तारयंत्र

आरपार चार बोल्ट आहेत, स्लीव्हसकट. वॉशर टेबलावर राहणार नाहीत याची हमी.

सुवर्णरेखा

पट्ट्या आल्यावर मध्य एकाच उंचीवर आहेत का तेवढं बघा. मेन्स उंच आणि ओपीटी बुटका असेल तर ओपीटीखाली ठोकळे द्या. ५-१० मिमीच्या फरकाने एवढ्या अंतरावर फारसं बिघडणार नाही.

बेसूर_गिटार

आणि जोडून झाल्यावर हम आलाच, तर लगेच ट्रान्सफॉर्मरला शिव्या देऊ नका. दोन्ही ईएल८४ काढून चालू करा. व्हॉल्व्ह नसताना स्पीकरमध्ये जो हम उरतो तेवढाच चुंबकीय. बाकीचा फिल्टरचा (रेक्टिफायरनंतरच्या चोक-कपॅसिटरचा), हीटरचा नाहीतर अर्थच्या वेढ्याचा (ग्राउंड लूपचा). सिंगल एंडेडमध्ये पुशपुलसारखी सप्लायची १०० हर्ट्झची लहर कटत नाही, त्यामुळे दहापैकी आठ वेळा दोषी फिल्टरच निघतो.

नाशिकची_नळी

व्हॉल्व्ह काढून चालू करताना एक सावधान. भार गेला की २५० चं शिखर ३५३ व्होल्ट, आणि घरात येणारा व्होल्टेज जास्त असेल तर ३८० पर्यंतही. फिल्टरचे कपॅसिटर ४५० व्होल्टचेच हवेत. ३५० चे जुने निघाले तर फटाका. बंद केल्यावर कपॅसिटर रिकामे झाले का ते मीटरने बघूनच आत हात घाला. कायमचा ब्लीडर (कपॅसिटर रिकामे करणारा रेझिस्टर) लावलात तर सोन्याहून पिवळं.

तारयंत्र

४५० चे आहेत, ब्लीडर २२० के २ वॅट.

मुक्ता_के

जाता जाता आणखी एक. माझ्याकडे भोंग्यांच्या १०० व्होल्ट लाइनचे ट्रान्सफॉर्मर पडलेत. ते ओपीटी म्हणून चालतात का? कुठेतरी वाचलं होतं.

वाइंडर_नाना

पुशपुलला छोट्या कामापुरते चालतात. हिशेब सोपा: १०० चा वर्ग भागिले वॅट. अडीच वॅटचा टॅप म्हणजे ४ के, सव्वा वॅटचा म्हणजे ८ के. पण पुशपुलला मधला टॅप लागतो, म्हणजे ८ के च्या निम्म्या वेढ्यांवर, आणि वेढे निम्मे की ओम पाव, म्हणजे २ के, तो ५ वॅटचा टॅप असावा लागतो. तुझ्याकडच्यात सव्वा आणि पाच दोन्ही असतील तर जमलं. सिंगलला नाही चालत, गॅप नसते. आलटून-पालटून भरलेल्या असतात पत्र्या.

कोल्हापुरी_पत्रा

तारयंत्र भाऊ, ड्रॉइंग पाठवा तुमच्या माणसाला. कमानीच्या खाचा आता लागणार नाहीत, उभ्या अक्षात फिरवून फरक पडत नाही म्हणताय. साध्या लांबट खाचा पुरे. आणि माप सगळं मिमीत लिहा, सुतात लिहू नका. आमच्याकडं एकानं साडेतीन सूत लिहून दिलं आणि पोरानं साडेतीन मिमी पाडलं.

तारयंत्र

मिमीतच आहे. व्हॉल्व्हच्या नऊ पिनी बेससाठी २२ मिमी भोक धरलंय, बरोबर ना?

बेसूर_गिटार

बेस हातात घेऊन व्हर्नियरने मोजा. सिरॅमिकचा आणि बॅकेलाइटचा वेगळा निघतो, आणि वरून बसणारा आणि खालून बसणारा आणखी वेगळा.